गुडघा, टाच आणि उकिडवे बसणे

स्मरणिकेच्या संपादिकाबाईंनी यंदा माझ्याकडे मंडळाच्या इतिहासावर लेख मागितला, तेव्हा मी त्यांना म्हटले, "मंडळाचा इतिहास पुष्कळजणींनी लिहून झाला आहे, मी आपली गुडघ्यांचा इतिहास लिहिते." त्यांना ती थट्टा वाटली. पण भगिनींनो, आपली कोणतीही सभा आठवून पाहा. अहवालवाचन संपून चहा आला की बोलणे कोठे वळते? सुना, महागाई, आणि तिसरा विषय गुडघे. पहिल्या दोहोंवर मासिकांतून पुष्कळ लिहून येते. तिसऱ्यावर येते ते बहुधा तेलाच्या जाहिरातीतून.

या विषयाकडे मी वळले ती आपल्या व्यायामवर्गामुळे. तीन वर्षांपूर्वी वर्ग सुरू झाला तेव्हा एकोणीसजणी येत होत्या, हे हजेरीपटावर आहे. तीन महिन्यांनी सातजणी उरल्या. वर्ग घेणारी मुलगी गोड, उत्साही. तिचा दोष मी मानीत नाही. तिने आम्हाला दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, जाड तळव्यांचे पळावयाचे बूट घालूनच बैठका काढावयाच्या. आणि दुसरी, खाली जाताना गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये. मी दोन्ही आज्ञा निष्ठेने पाळल्या. पंधराव्या दिवशी माझा डावा गुडघा असा काही बोलू लागला, की जिना उतरताना कठड्याला दोन्ही हात लावण्याची पाळी आली. आणि त्याच सुमारास आमच्याकडे भांडी घासावयास येणाऱ्या मावशी, वय माझ्याहून चार वर्षांनी अधिक, मोरीत अनवाणी, टाचा टेकून, गुडघे बोटांच्या चांगले पुढे काढून, उकिडव्या बसून काम उरकीत होत्या आणि एका झटक्यात उठत होत्या. नियम त्या मोडीत होत्या आणि दुखत होते मला!

मावशींना विचारले तर म्हणाल्या, "ताई, तुम्ही टाच उचलता. टाच उचलली की मेला सगळा भार वाटीवर." त्या शाळेत गेलेल्या नाहीत. पण पुढे मी जे जे वाचले ते पुष्कळसे या एका वाक्याचेच विवरण होते.

तेव्हा आधी थोडे शरीरशास्त्र. कंटाळा येईल त्यांनी खिडकीचा गज धरून करूनच पाहावे. आपण दोन पायांवर बसतो तेव्हा वाकतो तो केवळ गुडघा नव्हे. कंबर वाकते, गुडघा वाकतो आणि घोटाही वाकतो. म्हणजे तळवा जमिनीला टेकलेला राहून नडगी पुढे कलते. हा घोटा पुरेसा वाकला नाही तर बसणारीपुढे दोनच वाटा राहतात. एक तर मागे कलंडावे, नाही तर टाचा उचलून चवड्यांवर तोल सांभाळावा. चवड्यांवर बसले की नडगी फारच पुढे कलते, अंग डुगडुगते, आणि मांडीचे स्नायू गुडघ्याची वाटी जोराने मागे ओढून धरतात. वाटीच्या आतल्या बाजूला जी गुळगुळीत कूर्चा आहे तिच्यावर तो सगळा दाब येतो. टाच टेकलेली असेल तर तोल स्थिर राहतो, आणि अगदी खाली गेल्यावर मांडी पोटरीवर टेकून भाराचा काही वाटा ती उचलते. म्हणूनच मावशींना खाली बसणे विश्रांतीसारखे वाटते आणि मला अर्ध्यावर अडकल्यासारखे.

हा घोटा वाकण्याचा गुण आपल्या हाडांवर कोरलेला आहे, हे साहेबाच्या लक्षात आले त्याला सव्वाशे वर्षे उलटून गेली. १८८९ साली इंग्लंडात आर्थर टॉमसन या शरीरशास्त्रज्ञाने, आणि १८९३ साली लाहोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्या हॅवलॉक चार्ल्स यांनी, उकिडवे बसणाऱ्या लोकांच्या पायांच्या हाडांवर निबंध लिहिले. घोटा पुरता वाकला की नडगीच्या खालच्या टोकाची पुढली कड घोट्याच्या हाडाच्या मानेला टेकते. रोज टेकून टेकून दोन्ही हाडांवर लहानसा गुळगुळीत ठसा उमटतो. चार्ल्स यांनी तो पंजाबी माणसांच्या हाडांवर दाखवला. आजही उत्खननात जुना सांगाडा सापडला तर या ठशावरून तो माणूस उकिडवा बसत असे असे अनुमान काढतात. युरोपातल्या जुन्या सांगाड्यांवरही हे ठसे मिळतात. म्हणजे खुर्ची घरोघरी पोचण्यापूर्वी तिकडचे लोकही आपल्यासारखेच बसत होते. आपली हाडे साहेबाला नवलाची वाटली, ती त्याच्या खापरपणज्यांचीच होती म्हणावयाची!

माझ्या आईच्या हाडांवर हा ठसा खास असणार. वाईजवळच्या आमच्या गावी तिचा दिवस जमिनीलगतच जाई. पण जमिनीलगत बसण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या होत्या, आणि आज त्या आठवल्या म्हणजे वाटते की प्रत्येक कामाने गुडघ्याशी वेगळा करार केला होता. जात्यावर एक पाय लांब पसरलेला आणि दुसरा दुमडलेला. दळण लांबले की पाय बदलावयाचे. विळीवर एक पाय पाटावर दाबून गुडघा उभा, दुसरा मांडी घातल्यासारखा. चुलीपुढे पाट. पाटाची उंची ती काय, चार बोटे. पण त्या चार बोटांनी अंगाचे ओझे गुडघ्यांवरून निघून बैठकीवर जाई. भांडी आणि धुणे मात्र उकिडवेच. आमच्या मोरीला गटाराकडे उतार होता आणि आई नेहमी उताराकडे तोंड करून बसे, म्हणजे टाचा किंचित उंचावर आणि चवडे खाली. तिने हे जाणून केले असे मी म्हणत नाही. पाणी अंगाखाली येऊ नये म्हणून केले असेल. पण आज ऑलिंपिकमधले वजन उचलणारे लोक जी युक्ती मुद्दाम बूट शिवून साधतात, तीच ही. त्याकडे पुढे येतेच.

सर्वांत वाईट काम खुरपणीचे. तेथे पाट नाही, पाय पसरणे नाही, उताराची सोय नाही. दिवसभर उकिडवे बसून एकेक पाऊल पुढे सरकावयाचे. भुईमुगाच्या हंगामात आई सकाळी गेली की तिन्हीसांजेला येई आणि उंबऱ्यावर बसून दोन्ही गुडघे तळहातांनी चोळी. साठीला पोचली तेव्हा तिचे पाय धनुष्यासारखे वाकले होते. शेवटची दहा वर्षे तिने कोठलेही लग्नकार्य पाहिले नाही. माझ्या धाकट्या भावाच्या मुलीच्या लग्नालाही ती आली नाही. कारण विचारले तर म्हणे, "मला गर्दी सोसत नाही." खरे कारण आम्हा बहिणींना ठाऊक होते. कार्यालयात शौचकूप बसावयाचे असेल, आपल्याला बसता येणार नाही, आणि बसलो तर उठवावयास कोणाला हाक मारावी, ही तिला धास्ती. हे तिने तोंडाने कधी सांगितले नाही आणि आम्हीही कधी बोललो नाही.

तेव्हा उकिडवे बसणे हे अमृत आहे आणि खुर्चीने आपला घात केला, असे जे हल्ली उत्साहाने सांगितले जाते ते मला पटत नाही. चीनमध्ये बीजिंग शहरातल्या साठ वर्षांवरील स्त्रीपुरुषांची तपासणी करून २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पंचविशीत असताना तुम्ही रोज किती वेळ उकिडवे बसत होता, असे त्यांना विचारले. तासाभराहून अधिक बसत होतो असे सांगणारे पुरुष शंभरात ४० होते आणि स्त्रिया ६८. ज्या स्त्रिया रोज तीन तास किंवा अधिक बसत आल्या होत्या त्यांच्यात गुडघ्याच्या झिजेचे प्रमाण, अर्ध्या तासाहून कमी बसणाऱ्यांच्या मानाने दुपटीहून अधिक निघाले. हा आकडा वाचला तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. भुईमुगाच्या शेतात आईचे तीन तास सकाळच्या न्याहारीपूर्वीच भरत.

तालमीतल्या जोर-बैठका आठवून पाहा. त्याही उकिडव्याच, बैठकीत तर पैलवान टाच उचलून चवड्यावर येतो. गामा पैलवान (१८७८ ते १९६०) रोज हजारोंनी बैठका काढी असे सांगतात. पण तेथे मऊ माती होती, अनवाणी पाय होते, लहानपणापासून थोडथोडी वाढवलेली सवय होती, वर खुराक आणि मालिश होते. आणि खाली गेलेला पैलवान लगेच वर येतो, खालीच तासभर थांबत नाही. बायकांच्या बैठकांना ना खुराक ना मालिश. आणि त्या कोणी मोजल्याही नाहीत.

आता माझ्या गुडघ्याचे. मी तर खुरपणी केली नाही. १९७६ साली नोकरीस लागले तेव्हापासून सदतीस वर्षे खुर्चीवर काढली. घरी गॅसचा ओटा. मुंबईत बर्मा-शेल कंपनीने घरगुती गॅस १९५५ साली आणला, आणि पुढे जसजशी घरोघरी शेगडी आली तसतशी चूल जमिनीवरून कमरेएवढ्या उंचीवर चढली. ओट्याने बायकांचे धुरापासून आणि वाकण्यापासून किती रक्षण केले हे मी सांगावयास नको. मी ओट्याची कृतज्ञ आहे. पण त्याबरोबर दिवसातून दहा वेळा खाली बसून उठणे गेले. आणि मी आणखी एक गोष्ट केली. माझी उंची बेताची. तेव्हा कार्यालयात अडीच इंच टाचेच्या चपला घालू लागले. लोकलच्या जिन्यांवरून त्या वाजवीत चढताना, खोटे कशाला बोलू, फार बरे वाटे.

या उंच टाचेचा इतिहास मोठा गमतीचा आहे. ती मुळात बायकांची नव्हे आणि चालण्यासाठीही नव्हे. इराणच्या घोडेस्वारांच्या बुटांना टाच असे ती रिकिबीत पाय अडकून राहावा आणि उभे राहून बाण मारता यावा म्हणून. इराणच्या शाह अब्बासने १५९९ साली युरोपात वकील पाठवले, त्या सुमारास तिकडच्या उमरावांना हे इराणी बूट आवडले आणि घोड्यावर न बसणारेही टाचा लावून मिरवू लागले. फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचा घालीत असे. मग बायकांनी त्या उचलल्या. आणि अठराव्या शतकात पुरुषांनी शहाणपणाने सोडून दिल्या त्या बायकांच्या पायांतच राहिल्या. १९५० नंतर आत पोलादी कणा घातलेली बारीक, उंच टाच निघाली आणि सिनेमाच्या पडद्यावरून ती आपल्यापर्यंत पोचली.

आपल्या जुन्या वहाणा पाहा. कोल्हापुरी चप्पल जवळजवळ सपाट, आणि खाली बसावयाचे म्हणजे तीही उंबऱ्याबाहेर. आपल्याकडे बसण्याचा पाय हा अनवाणी पाय होता. खडावांना उंची होती, पण ती पुढेमागे सारखीच. आणि खडावा घालून कोणी भांडी घासावयास बसत नसे.

उंच टाचेने बिघडते काय? १९९८ साली अमेरिकेत डॉ. केसी केरिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस स्त्रियांना उंच टाचा घालून आणि अनवाणी चालावयास लावून मोजमाप केले. उंच टाचांनी गुडघ्याच्या आतल्या अंगावरचा ताण सुमारे २३ टक्क्यांनी वाढलेला दिसला. झीज नेमकी तेथेच अधिक होते. आणि २०१० साली इंग्लंडातल्या मँचेस्टर येथील अभ्यासकांनी वर्षानुवर्षे उंच टाचा वापरणाऱ्या स्त्रियांच्या पोटऱ्या तपासल्या. त्यांच्या पोटरीचे स्नायूतंतू सपाट चपला घालणाऱ्यांपेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी आखूड झाले होते आणि टाचेमागची शीर जाड व ताठर बनली होती. पोटरी आखूड आणि शीर ताठ म्हणजे घोटा वाकेना. घोटा वाकेना म्हणजे टाच टेकेना. आणि टाच टेकेना म्हणजे मावशी म्हणाल्या तसा भार वाटीवर. आईचे गुडघे अति बसण्याने गेले आणि माझे, बसण्याचा घोटाच घालवून बसल्याने. डॉक्टर दोघींना एकच वाक्य सांगत आले, "खाली बसू नका."

घोट्याचे हे महत्त्व आपल्या देशात एका निराळ्याच वाटेने सिद्ध झाले आहे. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थितज्ज्ञ होते. पाय गमावलेल्या माणसांना त्या काळी परदेशी बनावटीचे कृत्रिम पाऊल बसवीत. त्याच्या आत ताठ लाकूड, घोटा घट्ट, आणि वर बूट घालावाच लागे. ते पाऊल खुर्चीवर बसणाऱ्या आणि बूट घालणाऱ्या माणसासाठी घडवलेले. आपला शेतकरी ते घेऊन घरी जाई आणि काढून कोपऱ्यात ठेवी. कारण त्याने ना उकिडवे बसता येई, ना मांडी घालता येई, ना चिखलात अनवाणी उतरता येई. सेठी यांनी रामचंद्र शर्मा या कसबी कारागिराच्या मदतीने १९६८ साली नवे पाऊल तयार केले. शर्माजी शिल्पकामातले, त्यांनी रबराचा उपयोग सुचवला, आणि टायरवर नवा थर चढवणाऱ्याच्या दुकानात ते प्रथम भाजून काढले असे सांगतात. आत स्पंजासारखे रबर आणि लाकडाचा लहान ठोकळा, वरून कातडीच्या रंगाचे टिकाऊ रबर. मुख्य गुण असा, की त्याचा घोटा वाकतो. ते बसवून माणूस शेतात उकिडवा बसू लागला. १९७५ साली भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली आणि हे पाऊल हजारो गरिबांना विनामूल्य मिळू लागले. सेठी यांना १९८१ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मला या हकिगतीत सर्वांत आवडते ते हे, की त्यांनी रोग्याला "तू खाली बसू नकोस" असे सांगितले नाही, पाऊलच बदलले.

आता व्यायामवर्गात आम्हाला शिकवलेल्या त्या दोन नियमांकडे येते. "खोल बैठक गुडघ्याला वाईट" ही समजूत पसरली ती मुख्यतः अमेरिकेतून. टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांनी १९६१ साली वजन घेऊन खोल बैठका काढणाऱ्यांचे गुडघे एका घरगुती यंत्राने तपासले आणि त्यांचे सांधेबंध सैल होतात असा निष्कर्ष काढला. शाळांतून, सैन्यातून, व्यायामशाळांतून खोल बैठकांना बंदी सुरू झाली. पुढे १९७१ आणि १९८९ साली इतरांनी तेच तपासून पाहिले तेव्हा सांधेबंध सैल झाल्याचे आढळले नाही. परंतु बंदीचा हुकूम एकदा निघाला की तो मागे घेतल्याची बातमी मागाहून, पायीपायीच येते.

"गुडघा बोटांपुढे नको" हा दुसरा नियम. तो २००३ साली मेंफिस येथे सात पुरुषांवर तपासला गेला. खांद्यावर स्वतःच्या वजनाइतके ओझे देऊन त्यांना आधी मोकळेपणी बैठक काढावयास लावली, आणि मग गुडघ्यांपुढे फळी उभी करून, म्हणजे गुडघे पुढे जाऊ न देता. फळी लावल्यावर गुडघ्यावरचा भार सुमारे २२ टक्क्यांनी घटला हे खरे. पण कमरेच्या सांध्यावरचा दहापटीहून अधिक वाढला, कारण गुडघा पुढे जाईना तेव्हा धड पुढे वाकले. माझी पाठ त्या पंधरा दिवसांत का धरली होती ते हे वाचल्यावर समजले. ज्याचा गुडघा दुखतो त्याने थोडे मागे बसावे, हे ठीक. पण सर्वांना सरसकट लावावयाचा हा नियम नव्हे.

आणि बूट. वजन उचलणाऱ्यांचे बूट मी आमच्या नातवाच्या मित्राकडे हातात घेऊन पाहिले. आपल्या पळावयाच्या बुटांच्या अगदी उलट. तळवा दगडासारखा टणक, दाबला तर दबत नाही. आणि टाच चवड्याहून सुमारे दोन सेंटिमीटर उंच. दोन्हींमागे कारण आहे. टणक तळव्याने पाय डगमगत नाही; आणि उंच टाचेने, घोटा कमी वाकला तरी धड ताठ ठेवून खोल बसता येते. आईच्या मोरीचा उतार तो हाच! पळावयाच्या बुटाचा स्पंजी तळवा धावताना धक्का सोसतो, पण बैठकीत तो एका बाजूने दबतो आणि गुडघा आत कलतो.

येथे कोणी विचारील की आधी टाचेची निंदा केलीस आणि आता स्तुती? फरक असा की एक टाच दिवसभर पायात राहून घोटा निकामी करते. दुसरी दहा मिनिटे वापरून काढून ठेवावयाची असते. शिवाय टाच उंचावली की गुडघा अधिक पुढे जातो, आणि वाटीवर थोडा अधिक भार येतोच. म्हणजे ज्यांचा घोटा ताठ आहे त्यांना ती आधार. ज्यांची वाटीच दुखते त्यांनी उंची बेताची ठेवावी आणि खोल जाऊ नये.

या बुटांत उभी राहून आंध्रच्या कर्णम मल्लेश्वरीने २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये दोन उचलींत मिळून २४० किलो पेलले आणि कांस्यपदक मिळवले. ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. स्त्रियांना त्या खेळात ऑलिंपिकचे दार उघडले तेच त्या वर्षी. हे वजन झेलण्याचा क्षण कधी चित्रफितीत पाहा. ती डोक्यावर दांडा घेऊन पुरती उकिडवी बसलेली असते, टाचा टेकलेल्या, गुडघे बोटांच्या पुढे. तशीच मीराबाई चानू, जिने २०२१ साली टोकियोत रौप्यपदक मिळवले. मी मावशींना मीराबाईचा तो क्षण मोबाइलवर दाखवला. त्यांनी बारकाईने पाहिले आणि म्हणाल्या, "बसते बरोबर पोरगी."

हे सगळे वाचून मी वर्ग घेणाऱ्या मुलीकडे गेले. ती रागावली नाही. उलट तिने आणखी वाचून आणले. गेल्या दिवाळीनंतर आम्ही आठजणींनी पद्धत बदलली. बूट बाहेर, पाय अनवाणी. सुताराकडून दोन सेंटिमीटर जाडीच्या फळ्या कापून आणल्या. ज्यांची टाच टेकत नाही त्यांनी ती फळीवर ठेवावयाची. पाय खांद्यांइतके लांब, बोटे किंचित बाहेर वळलेली, आणि गुडघा बोटांच्या दिशेनेच जावयाचा, आत कलू द्यावयाचा नाही. प्रथम खुर्चीवर बसून उठणे, मग पाटांची चळत, आणि दर पंधरवड्याला एक पाट कमी. दुखले की तेथेच थांबावयाचे, खाली आदळावयाचे नाही, खाली रेंगाळावयाचे नाही. उठताना टाच जमिनीत दाबावयाची. शिवाय रोज भिंतीला हात लावून पोटरी ताणणे. हेच मला सर्वांत जड गेले, सदतीस वर्षांचे व्याज होते ना!

चमत्कार झाला नाही, हेही लिहिले पाहिजे. दोघींना काहीच फरक पडला नाही. एकीला डॉक्टरांनी तपासून स्पष्ट नकार दिला. तिची झीज फार पुढे गेली आहे, आणि ज्यांनी सांधा बदलून घेतला आहे त्यांनी तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचेच ऐकावयाचे. माझे म्हणाल तर मी आता फळीवर टाचा ठेवून, एका हाताने गज धरून, पुरती खाली बसू शकते आणि वीस मोजेपर्यंत राहते. जिना उतरताना एकच हात कठड्याला लागतो. गेल्या माघात मी गावच्या जत्रेला जाऊन तीन दिवस राहून आले. आईच्या वयाची झाल्यावर असे जाता येईल असे मला वाटले नव्हते.

आता ज्यासाठी हा लेख खरोखर लिहिला ते. आपल्या सभागृहामागची दोन्ही शौचालये जुन्या पद्धतीची आहेत. दोन्ही पाडून तेथे कमोड बसवावेत असा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे येत आहे. ठराव मांडणाऱ्या भगिनींचा हेतू मला मान्य आहे. माझ्या आईसारखी एकही बाई यापुढे आपल्या कार्यक्रमाला घरी राहता कामा नये. कमोड हवाच. पण दोन्ही नव्हे, एक. दुसरे तसेच ठेवून त्याच्या भिंतीला हाताशी येईल असा मजबूत लोखंडी दांडा बसवावा, आणि टाच टेकेल अशा बेताने पायऱ्या थोड्या उतरत्या करून घ्याव्या. ज्यांना अजून बसता येते त्यांचे बसणे आपल्याच हातांनी कशाला बंद करावे? गवंड्याकडून दोन्हींचा खर्च लिहून आणला आहे. तो कागद चिटणीसबाईंकडे पाहावयास मिळेल.

वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेसातला भरतो. फळ्या पेटीच्या कपाटात खालच्या खणात आहेत. चपला दाराबाहेर काढाव्या.